दिसलं नाही तर लाल

भीमरावांनी स्वतःच्या मुलीला आउट दिलं, आणि तेही काही दिसलेलं नसताना.

डिसेंबर २००४मधला रविवार होता. जयपूरच्या रेल्वे कॉलनीमागच्या मैदानावर मराठी घरांतली पोरं सॉफ्टबॉल खेळत होती आणि भीमराव नेहमीसारखे होम प्लेटच्या मागे अंपायर म्हणून वाकून उभे होते. तेरा वर्षांची उत्कर्षा तिसऱ्या बेसवरून सुटली. लांबून चेंडू आला, कॅचर निशिगंधाने तो ग्लोव्हजमध्ये घेतला, उत्कर्षा पाय पुढे करून घसरली आणि तिथली ती पिठासारखी बारीक धूळ अशी उठली की पोरी, प्लेट, चेंडू सगळं तिच्यात गडप झालं. ग्लोव्हज उत्कर्षाच्या अंगाला लागला की नाही, म्हणजे टॅग झाला की नाही, हे धुळीच्या आतल्या त्या दोघींनाच ठाऊक. देवालाही ठाऊक असेल, पण भीमराव देव मानत नसत, त्यामुळे तिकडूनही मदत नव्हती.

त्यांचा उजवा हात वर गेला. "आउट."

एरवी हे खपून गेलं असतं. त्या मैदानावर दर रविवारी वीसेक जण आउट व्हायचे आणि पाच मिनिटांत विसरून चिवड्याच्या डब्याभोवती गोळा व्हायचे. पण त्या दिवशी कडुलिंबाखाली मोटारसायकल लावून सुखदेवजी बसले होते. जयपूरच्या झोटवाडा भागात मुलींचा खराखुरा संघ चालवणारा हा एकच माणूस. जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या संघात जायचं तर त्यांच्याच मैदानावरून जावं लागायचं. रेल्वेवाल्यांच्या पोरी बऱ्या पळतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून ते बघायला आले होते, आणि नेमका तेवढाच एक डाव बघून उठले.

"कॅचर का नाम?" त्यांनी विचारलं. निशिगंधाचे वडील जयंतराव आधीच त्यांच्या शेजारी जाऊन उभे होते. त्यांनी नाव सांगितलं, शाळा सांगितली, न विचारता टक्केवारीही सांगितली. सुखदेवजींनी यातलं फक्त नाव लिहून घेतलं.

"और वो रनर?" उत्कर्षाकडे बोट दाखवून एका पोराने विचारलं.

"वो तो आउट हो गयी," सुखदेवजी म्हणाले आणि त्यांनी गाडीला किक मारली.

उत्कर्षा गुडघे झटकत बापासमोर आली. "पप्पा, मी सेफ होती."

"निर्णय झाला."

"मतलब तुम्ही पाहिलं?"

भीमरावांनी यावर घड्याळ पाहिलं.

भीमराव मूळचे भुसावळचे. तिथल्या रेल्वेच्या पोराला चालायला आलं की कुणीतरी त्याच्या हातात सॉफ्टबॉलची बॅट देतं. भीमरावांनाही ती अशीच मिळाली, आणि पंधराव्या वर्षी ते जिल्ह्याच्या संघातही निवडले गेले. तीन वर्षं त्यांनी त्या संघाच्या सामानाच्या पिशव्या वाहिल्या, पाण्याचे जग भरले आणि एका बाजूला बसून ओरडण्याचं काम केलं. मैदानात त्यांना एकूण दोन डाव मिळाले, तेही संघ हरणार हे नक्की झाल्यावर. पुढे नोकरी लागली, सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हर ओढायची. बदली होत होत ते जयपूरच्या अलीकडच्या एका स्टेशनावर येऊन थांबले. ट्रंकेत चार जुने ग्लोव्हज होते. त्यांच्या जोरावर त्यांनी कॉलनीत रविवारचा खेळ सुरू केला.

या खेळाचे कायदे त्यांनी स्वतः केले होते. प्रत्येकाला बॅटिंग मिळणार म्हणजे मिळणार. धावा कुणी मोजायच्या नाहीत. आठ वर्षांखालचे सगळे कच्चे लिंबू, त्यांना आउट नाही. खेळ संपला की इंदुमतीबाईंच्या हातचा चिवडा. तीन वर्षं हे बिनभांडणाचं चाललं होतं. रेल्वेच्या घरांतली पोरं यायची, बँकेतल्या दोन घरांचीही, आणि तिलक नगरातून विमा कंपनीतले जयंतराव आपल्या निशिगंधाला मारुती गाडीतून घेऊन यायचे. जयंतराव सांगलीचे. ते भीमरावांना 'भीमराव' म्हणत आणि भीमराव त्यांना 'साहेब', आणि हे कधी ठरलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. जयंतरावांच्या पत्नी चारुलताबाई दुमडती खुर्ची घेऊन यायच्या. तीन वर्षांत त्यांनी चिवड्याचा एक दाणा तोंडात टाकला नाही. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय म्हणायच्या. त्याच डॉक्टरांनी त्यांना रस्त्यावरची प्याज कचोरी मात्र कशी चालवली, हे इंदुमतीबाईंना कोडं होतं. म्हणजे कोडं नव्हतंच, पण त्या कोडं म्हणायच्या.

त्या रविवारी घरी उत्कर्षा जेवली नाही. इंदुमतीबाई जेवल्या आणि जेवता जेवता बोलल्या.

"तुम्ही मागं उभे होते, मंग काय पाहू राहिले होते?"

"धूळ होती."

"धूळ होती तं सेफ द्यायचं. शंका आली तं पळणाऱ्याचा फायदा, हे तुम्हीच शिकवलं ना त्या पोरांना?"

शिकवलं होतं, हे खरं. पण भीमरावांचा हात वीस वर्षं केबिनमध्ये घडला होता. रूळ मोकळा आहे याची खात्री झाली तरच लिव्हर ओढायचा. खात्री नसेल, धुकं असेल, दिसत नसेल, तर सिग्नल लालच ठेवायचा. मागे गाडी कितीही शिट्ट्या मारो, गार्ड काय वाट्टेल ते बोलो. या एका सवयीवर त्यांनी वीस वर्षांत अपघाताचा एक कागद फायलीला लागू दिला नव्हता. धुळीत डोळ्यांना काही दिसलं नाही, आणि हाताने हाताचं काम केलं.

हे त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं आणि पोळी वाढली.

"खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "ती तिथं जायलाच नको होती तुम्हाला. तुमच्या रविवारच्या खेळातून तिनं निघू नाही, एवढंच."

भीमराव म्हणाले, असं काही नाही. पण जरा उशिरा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून उत्कर्षाने बापाशी बोलणं बंद केलं. म्हणजे आवश्यक व्यवहार चालू होते, पण आईमार्फत. "आई, त्यांना सांग शाळेची फी भरायची आहे." "आई, त्यांना विचार टॉवेल कुठे टाकला." दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये 'ते' तीन फुटांवर बसलेले असायचे. भीमरावांनी मंगळवारी एक विनोद करून पाहिला. "आई, त्यांना सांग हसू आलं नाही," असं उत्तर आलं.

बुधवारी ड्यूटीवरून सुटल्यावर ते गणवेशातच बसने झोटवाड्याला गेले. कारखान्यांच्या मागे, भंगाराच्या गोदामाला लागून मैदान होतं. चौदा-पंधरा पोरी पळत होत्या आणि सुखदेवजी मध्ये उभे राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. निशिगंधा त्या पोरींत होती. तिने भीमरावांना पाहिलं आणि मान वळवली.

"रविवारी ती जी आउट झाली, तिचा बाप मी," भीमरावांनी हिंदीत सांगितलं.

"अंपायर भी आप ही थे ना?"

"हो."

"तो फिर? अपना फैसला खुद ही पलटने आये हो?"

भीमराव म्हणाले की निर्णयात जरा शंका होती. सुखदेवजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, रेल्वेची बटणं मोजत असल्यासारखं.

"देखिये, रोज कोई न कोई बाप आता है," ते म्हणाले. "किसी की बेटी को पेट में दर्द था, किसी की आँख में सूरज था. आपकी को अंपायर खराब मिला. नयी बात है, मगर है तो वही बात."

आणि मग त्यांनी पुढचंही सुनावलं. रविवारच्या त्या खेळात पोरींचे हात बिघडतात, पाय जड होतात. धावा न मोजणाऱ्या पोरी त्यांना नकोत. यादी शनिवारी सकाळी जिल्हा संघटनेकडे जाणार. एक जागा रिकामी आहे. शुक्रवारी पोरीला घेऊन या, पण टॅग लागला नव्हता हे कॅचरच्या घरच्यांकडून लिहून आणा, नाहीतर बसभाडं वाया घालवू नका.

अशी चिठ्ठी कोणत्याही खेळाच्या नियमात नसते. सुखदेवजींनाही ते ठाऊक होतं. बापाला परत पाठवायची ती त्यांची रीत होती, आणि बहुतेक बाप परत जात.

भीमराव गुरुवारी तिलक नगरला गेले. चारुलताबाईंनी दार उघडलं, जाळीचं दार बंदच ठेवलं, आणि आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, "ते रेल्वेचे आलेत." तीन वर्षं दर रविवारी भेटणाऱ्या माणसाचं एवढंच नाव त्यांना आठवलं. मग जाळीही उघडली. पाणी आलं, स्टीलच्या पेल्यात. टेबलावर काचेचे पेले उपडे घातलेले होते, ते भीमरावांनी पाहिले आणि पाणी प्यायले.

जयंतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नाकारलेल्या क्लेमचं कारण समजावून सांगायचा त्यांचा खास आवाज होता, तो त्यांनी लावला.

"भीमराव, खेळात अंपायरचा निर्णय अंतिम. तुम्हीच मुलांना शिकवलंत हे. आता तुमच्या घरचं आलं म्हणून तो बदलायचा?"

"बदला नाही म्हणत, साहेब. निशीनं खरं काय ते लिहावं फक्त."

"निशीला मध्ये ओढू नका," चारुलताबाई आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत म्हणाल्या. निशिगंधा तिथेच पडद्याला धरून उभी होती. "तिचं आत्ता कुठे नीट सुरू झालंय. उद्या ते सर म्हणायचे, ही खोटं खेळली."

"खोटं ती खेळली नाही. चूक झाली तर माझी."

"मग तुमची तुम्ही निस्तरा," जयंतराव म्हणाले. आणि मग जरा हसून, सहज म्हणून, "आणि तुमच्या मुलीला काय चिंता आहे हो. तुमच्यासाठी कुठे ना कुठे राखीव जागा असतेच की."

खोलीत पंखा बंद होता. डिसेंबरच होता, पण तो चालू असता तर बरं झालं असतं.

भीमराव उठले. "सॉफ्टबॉलला नऊच जागा असतात, साहेब," ते म्हणाले. "त्यातली एकही आजवर कुणी आम्हाला बसल्या जागी दिली नाही. मी तीन वर्षं पिशव्या उचलून दोन डाव खेळलोय." पेला त्यांनी स्वतः स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत नेऊन ठेवला. चारुलताबाईंना तो नंतर दोनदा घासावा लागला असेल, पण हा आपला अंदाज.

पडद्याला धरून उभ्या असलेल्या पोरीला मात्र त्या अर्ध्या तासात कुणीच काही विचारलं नाही. तिच्या आईने नाही, बापाने नाही, आणि भीमरावांनीही नाही.

शुक्रवारी चिठ्ठी नसताना ते उत्कर्षाला घेऊन निघाले. तिला चिठ्ठीचं काहीच सांगितलेलं नव्हतं. बसमध्ये ती पुढे बसली, ते मागे. झोटवाड्याला उतरल्यावर ती दहा पावलं पुढे चालत राहिली आणि मैदानाच्या फाटकापाशी थांबली, कारण पुढे कुठे जायचं ते तिला माहीत नव्हतं आणि बापाला विचारणं शक्य नव्हतं.

"चिट्ठी?" सुखदेवजींनी हात पुढे केला.

"नाही मिळाली."

"तो फिर बस उधर से मिलती है."

पोरी थांबून पाहत होत्या. निशिगंधाही. उत्कर्षाने आधी सरांच्या रिकाम्या हाताकडे आणि मग बापाकडे पाहिलं, त्या आठवड्यात पहिल्यांदा सरळ. भीमरावांना कळलं की आता काही बोललं नाही तर ही पोर परतीच्या बसमध्येही पुढेच बसेल, आणि बहुधा जन्मभर. केबिनमध्ये वीस वर्षं जे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, जे तिथे निघालं तर माणूस नोकरीतून जातो, ते त्यांनी चौदा पोरींसमोर हिंदीत सांगितलं.

"मैंने देखा ही नहीं था, सरजी. धूल थी. दिखा नहीं, और हाथ उठा दिया."

सुखदेवजी हसले. हसणं चांगलं नव्हतं. "वाह. और रेल भी ऐसे ही चलाते हो?"

"रेल रोकता हूँ, इसीलिये चलती है. इधर उलटा करना था. गलती मेरी."

सुखदेवजींनी निशिगंधाकडे मान वळवली. "ए. तूने टैग किया था?"

निशिगंधाने ग्लोव्हजमधल्या खाचेत बोट घातलं. "नहीं, सर. लगा नहीं था."

"तो इतने दिन मुँह में क्या दही जमा था?"

"किसी ने पूछा ही नहीं."

"पूछा नहीं." सुखदेवजींनी हे दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "बाप अंधा, कॅचर गूंगी. चल, मैदान के दस चक्कर. और तू," ते उत्कर्षाकडे वळले, "ये मत समझना कि तेरा हो गया. इसके चक्कर पूरे हों, फिर यही पकड़ेगी और तू तीसरे बेस से भागेगी. दस बार. मैं देखूँगा, मेरी आँखें अभी ठीक हैं."

निशिगंधा पळायला लागली. प्रत्येक फेरीला उत्कर्षाच्या जवळून जाताना ती तिच्याकडे असं पाहायची की खरं बोलण्याचं पुण्य कुणाच्या खात्यावर पडलं आणि पाय कुणाचे दुखले, हे उत्कर्षाच्या नीट ध्यानात राहावं. उत्कर्षा वाकून बूट आवळत होती, तेवढ्यात उजव्या बुटाची लेस तुटली. दुसरी गाठ मारण्याइतकीही उरली नाही.

"जूता बाँध, नहीं तो घर जा," सुखदेवजी लांबून ओरडले.

भीमरावांनी खिसे चाचपले, मग गणवेशाचा पट्टा चाचपला, त्याचा काही उपयोग नव्हता. निशिगंधा दहावी फेरी संपवून धापा टाकत आली. तिने आपली पिशवी ओढली, आतल्या जादा बुटांतल्या एकाची पांढरी लेस सपकन उपसली आणि उत्कर्षाच्या पायाशी फेकली.

"घे. उद्या परत दे. आणि धुऊन."

"तुझी नको मला."

"मग जा घरी. मला पण दहा वेळा धूळ खायची हौस नाहीये."

उत्कर्षाने लेस ओवली.

दहातल्या सहा वेळा ती आउट झाली. निशिगंधा टॅग लावत होती तो टॅग कमी आणि थप्पड जास्त होती, आणि उत्कर्षाही घसरताना पाय प्लेटवर कमी आणि कॅचरच्या नडगीवर जास्त ठेवत होती. सातव्या वेळी दोघींना बाजूला करावं लागलं. नवव्या वेळी उत्कर्षा बाहेरून वळसा घेऊन प्लेटला मागच्या बाजूने हाताने शिवली. ही युक्ती तिला रविवारच्या खेळात कुणी शिकवलेली नव्हती, तिथे तिची गरजच पडत नसे. सुखदेवजींनी दोन्ही हात आडवे पसरले. सेफ.

"एक्स्ट्रा में लिख रहा हूँ," ते म्हणाले. "पंद्रहवाँ नाम. पिशव्या उचलाव्या लागतील." शेवटचं वाक्य अर्थात त्यांनी हिंदीत म्हटलं, पण भीमरावांच्या कानाला ते भुसावळच्या मराठीतच ऐकू आलं. "संडे का खेल बंद. और आप," सुखदेवजींनी बोट रोखलं, "दीवार के उस पार. मेरे मैदान में बाप नहीं चलते. आप जैसे तो बिलकुल नहीं."

भीमराव भिंतीच्या पलीकडे गेले. तेवढ्यात मारुती येऊन उभी राहिली. जयंतरावांनी काच खाली करून पाहिलं, मुलीचे लाल झालेले गुडघे पाहिले, भीमरावांना पाहिलं, आणि काच वर केली.

पुढच्या रविवारी तिलक नगरची गाडी आली नाही, ती कायमचीच. त्यांच्यामागे बँकेतल्या दोन घरांनीही मुलांच्या ट्यूशनचं कारण काढलं. उत्कर्षाही नव्हती. तिला रविवारी सकाळी साडेपाचला झोटवाड्यात असावं लागे. मोठी पोरंही हळूहळू गळाली आणि मैदानावर सात कच्चे लिंबू उरले. भीमराव त्यांना हळू चेंडू टाकत राहिले आणि ते आउट न होता खेळत राहिले. इंदुमतीबाई आता चिवडा अर्धाच करत. उरला तर भीमराव डब्यात भरून केबिनमध्ये नेत.

बसमध्ये उत्कर्षा मात्र आता त्यांच्या शेजारी बसते. बोलते कमी, तेही बहुतेक सुखदेवजींविरुद्ध. पिशव्या ती उचलते. दोन महिन्यांत तिला एक डाव मिळाला, बापापेक्षा लवकर.

लेस दुसऱ्या दिवशी परत गेली नाही. तिसऱ्याही नाही. भिंतीला एक वीट निखळून पडलेली जागा आहे, तिथून भीमरावांना आतलं ऐकू येतं. निशिगंधा रोज विचारते, "माझी लेस?" आणि उत्कर्षा रोज म्हणते, "देते ना." निशिगंधाने जादा बुटांपैकी एकाला सुतळी बांधली आहे, आणि मुद्दाम तेच बूट घालून ती सुतळी सगळ्यांना दिसेल असा पाय पुढे काढून बसते. स्टेशनाबाहेरच्या दुकानातून भीमरावांनी पांढऱ्या लेसांची नवी जोडी आणून मुलीपुढे धरली.

"तिला देऊन टाक."

उत्कर्षाने जोडीकडे पाहिलं, घेतली नाही. "राहू द्या, पप्पा. माझं मी पाहून घेईल," ती म्हणाली, आणि निशिगंधाचीच लेस आवळून, दोन गाठी मारून, फाटकातून आत गेली.